अर्जदाराचा भाऊ

बासेल, शनिवार, २० मार्च १८१९

प्रिय निकलाउस,

तुझं खुशालीचं पत्र मिळालं, आणि त्याच्या पाठोपाठ तुझा अर्जही माझ्या नजरेखालून गेला. तो तू मला पाठवला नव्हतास, ठाऊक आहे. तो आपल्या भावाच्या, मेनीच्या टेबलावर होता, नगरसभेच्या पुढल्या बैठकीच्या कागदांत, आणि तुझं अक्षर मी कुठेही ओळखते, कारण लहानपणी ते मीच गिरवून घेतलंय. तेव्हा थोरल्या बहिणीने कागद चाळले म्हणून नाक मुरडू नकोस. तुझ्या डानियल आणि बेनेडिक्टने मेट्लर हे आडनाव टाकून त्यांच्या आईकडचं हेर्विग लावावं, म्हणून तू परवानगी मागितली आहेस. कारणही दिलं आहेस, अगदी सुवाच्य: 'ज्या गृहस्थाने जन्मदात्याच्या अंतकाळी चौकात पेले उंचावणे पसंत केले, त्याच्याशी माझ्या मुलांचे नाव जोडलेले राहू नये.' मेनीने ते वाचलं, कागदाची घडी घातली आणि मला विचारलं, "सूपमध्ये मीठ घातलंयस का गं?"

मुलांचं म्हणशील तर मला कळतं. यंदाच्या कार्निव्हलला पुलाच्या तोंडाशी मी स्वतः उभी होते. ढोलांच्या मागून एक जण पुठ्ठ्याचं हे एवढं घड्याळ डोक्यावर घेऊन नाचत आला. घड्याळाला मेनीचं नाक, आणि काटे उलटे फिरणारे. इथवर काही नाही, मेनीला त्याची सवय आहे. दरवर्षी तो मला विचारतो, यंदा नाक जमलंय का, की गेल्या वर्षीसारखं बटाटा केलंय. पण घोळक्यातल्या एकाला इथे कामाला आलेला आपला डानियल दिसला. "काय रे डानियल, काकांच्यात किती वाजले?" आणि सगळे खदाखदा हसले. एकवीस वर्षांचा विनोद, पण या गावात अजून शिळा होत नाही. पोरगा कानापर्यंत लाल झाला आणि गर्दीत शिरला. तेव्हापासून तो आमच्या गल्लीतून जात नाही, कामावर जाताना लांबून वळसा घेतो. मी खिडकीतून त्याची टोपी दिसेनाशी होईपर्यंत बघते.

त्याला तो विनोद कशावरून हेही कुणी धड सांगितलं नसेल. त्याच्या जन्माआधीची गोष्ट, आणि वाढला तो तुझ्याकडे म्युलहाउझेनला. सांग त्याला, की आपल्या गावात सगळ्या जगाच्या एक तास पुढे वाजायचं. वेशीबाहेर बारा, तर वेशीच्या आत एक. शेकडो वर्षं असंच. का, ते कुणाला माहीत नव्हतं, पण बदलायचं कुणाच्या मनातही नव्हतं. परगावचा पाहुणा भूक लागल्यावर वेळेत म्हणून यायचा, तर आपली भांडी घासून झालेली. बाबा म्हणायचे, "जगाला गरज असेल तर त्यांनी आपली घड्याळं जुळवून घ्यावीत." आणि सत्त्याण्णव साली ज्यांनी सभेत उभं राहून सांगितलं, की पुरे झालं हे, नव्या वर्षापासून बासेल जगाबरोबर चालेल, त्यांत आपला मेनी पुढे होता. त्याने पुढे राज्यं उलथली, कायदे केले, ते लोक विसरले. तास घेतला तो मात्र कुणी विसरलं नाही.

खरं तर तो सभेत गेला तोच चिठ्ठीने. सहा नावं, पिशवीत सहा बंद चिठ्ठ्या, आणि जिच्यात नेमणूक लिहिलेली ती मेनीच्या हाती आली. बाबांना वाटलं देवाने कौल दिला. त्यांनी शेजाऱ्यांना वाइन पाजली. पुढे मेनी सभेत तोंड उघडायला लागला तेव्हा म्हणाले, "देवाची चूक नाही. त्या पिशवीचंच काहीतरी चुकलं." तुला आठवत नसेल, तू तेव्हा शिकायला बाहेर होतास. खेड्यांतल्या लोकांना रयत म्हणायचं बंद करा, असं तो म्हणाला होता. आपल्याच पेढीच्या रेशमी फिती विणणारी ती माणसं, गढीवरच्या अंमलदाराला विचारल्याशिवाय लग्नसुद्धा करता यायचं नाही त्यांना. बाबांची पेढी त्या खेड्यांतल्या मागांवर चालायची. ते आठवडाभर मेनीशी फक्त हवापाण्याविषयी बोलले.

मग अठ्ठ्याण्णवचा जानेवारी आला. खेड्यातल्यांनी गढ्या पेटवल्या, वेशीवर तोफा लावायची भाषा सुरू झाली, आणि मेनी एकटा घोड्यावर बसून त्यांच्यात, लीस्टालला गेला. बरोबर शिपाई नाही, पिस्तूल नाही. तिथे चावडीसमोर त्याला गराडा पडला. एक विणकरीण पुढे होऊन म्हणाली, "हा फीतवाल्या मेट्लरचा थोरला. हा आमच्या घरी बटाटे खातो. याला हात लावाल तर बघा." दोन दिवस तो त्यांच्यात बसला आणि त्यांच्या मागण्यांचा कागद घेऊन परत आला. सभेने तो मान्य केला. आपल्या गावात एकाच्याही नाकातून रक्त आलं नाही. बर्नकडे त्या वर्षी किती घरांत माणूस उरला नाही, ते तुला ठाऊक आहे. आणि रागावणार नसशील तर सांगते: त्या वसंतात आपले माग कधी थांबले नाहीत. आधी क्रांतीचा काळा-पांढरा-तांबडा, मग दोन महिन्यांत नव्या सरकारचा हिरवा-तांबडा-पिवळा, जो रंग निघेल त्या फिती तू बिनबोभाट विणल्यास. क्रांती मेनीने केली, पण अंगावर मिरवायला लोकांना तू दिलीस.

त्याची चूक झाली, ती मी झाकत नाही. फ्रेंच पाहुणे म्हणून येतील असं त्याला मनापासून वाटलं होतं, आणि ते आले सैन्य घेऊन. नव्या प्रजासत्ताकाच्या सिनेटमध्ये तो हिरवा पट्टा बांधून बसला, आणि बाहेर त्यांचे घोडे लोकांचं गवत खात होते. निडवाल्डनच्या डोंगराळ मुलखात फ्रेंचांनी गावं जाळली तेव्हा तो उठून उभा राहिला आणि हे आपल्या नावावर झालं असं म्हणाला. शेजारच्यांनी बाक सरकवून घेतले. दोन वर्षांत त्याच्याच मित्रांनी त्याला बाहेर काढलं. एक पेटी घेऊन परत आला, तर घराच्या रस्त्याकडच्या सगळ्या काचा फुटलेल्या. त्याच महिन्यात त्याची बायको मार्गारेथा गेली. तू अंत्यविधीला आला नाहीस. मला जाऊ दिलंस, हे तुझे उपकार.

नंतर गावाने त्याला कधी निवडलं नाही. सभेत तो परत आला तो खेड्यांच्या मतांवर, आणि आजही त्यांच्याच मतांवर बसतो. त्याने त्या दऱ्यांमधून शाळा काढल्या, मास्तरांना शेकोटीची लाकडं मिळावीत म्हणून चार वर्षं भांडला. चौदा साली ऑस्ट्रियाचं सैन्य पूल ओलांडून गेलं आणि मागे तापाची साथ टाकून गेलं, तेव्हा भले भले लोक मळ्यांवरच्या घरांत पळाले. मेनी दवाखान्यात राहिला, एकसष्टाव्या वर्षी, गवताच्या गाद्या मोजत. त्या तापात ज्यांच्या घरचे वाचले तेही त्याला फ्रेंचांचा मेनीच म्हणतात. तो म्हणतो, "म्हणू दे, वाचले ना." हे सगळं तुला कुणी सांगितलं नसेल, कारण त्याचं नाव तुझ्या घरात काढायचं नाही हा तुझा नियम, आणि तो नियम मीही पाळला. आठ वर्षं तुझ्या छपराखाली आणि मग तेरा वर्षं पत्रांतून. पेअरची झाडं कशी आहेत, तुझ्या बायकोचा, उर्सुलाचा खोकला कसा आहे, एवढंच लिहीत राहिले.

आता बाबांकडे येते. तिथे यायलाच मी एवढा वेळ काढला.

नवी वेळ बाबांनी घरात येऊ दिली नव्हती, हे तुला आठवतंच. एक जानेवारीला सगळ्या गावाची घड्याळं तासभर मागे झाली, मुन्स्टर चर्चच्या मनोऱ्यावरचंसुद्धा. आपल्या जेवणघरातल्या उंच घड्याळाची किल्ली बाबांनी खिशात घातली. "या घरात मेट्लरांची वेळ चालेल. मेनीची नाही." आपण बाराला जेवायला बसायचो तेव्हा मुन्स्टरवर अकराचे ठोके पडायचे, आणि बाबा ते ऐकू येऊ नयेत म्हणून थाळीवर चमचा वाजवायचे. आपण दोघं खाली मान घालून हसायचो. तीनच आठवडे, पण तेवढे दिवस माझी सवय घराच्या वेळेचीच राहिली, कारण मी घराबाहेर पडतच नव्हते. बाबांची छाती भरली होती आणि त्यांच्या उशाशी मीच होते.

त्या सोमवारी त्यांना बरं वाटत होतं. उशीला टेकून बसले, दुधात बुडवून पाव खाल्ला. डॉक्टर म्हणाले, आठवडा तरी काढतील. डॉक्टर गेल्यावर बाबा भिंतीकडे बघत मला म्हणाले, "मेनीला बोलाव. तीनला. आधी नको, मी जरा पडेन." तू तेव्हा खाली पेढीत होतास. बाबांचा स्वभाव तुला माहीत आहे, पोटच्या पोरालासुद्धा वेळ ठरवून भेटायचे, आणि जो लवकर येईल त्याला जिन्यात बसवायचे. मी एवढ्याशा कागदावर लिहिलं: 'बाबांनी तीनला बोलावलंय. अगदी वेळेवर ये. सालोमे.' मोलकरीण काटरीच्या हाती चिठ्ठी चौकात पाठवली. तिथे त्या दिवशी क्रांतीची खूण म्हणून स्वातंत्र्याचं झाड लावायचं होतं, टेबलं मांडलेली, खेड्यांतून आलेली माणसं, गाणी. मेनीचं भाषण व्हायचं होतं.

दोननंतर बाबांचा श्वास बिघडला. मी तुला वर बोलावलं, तू पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिलास. खाली तीन वाजले. बाबांनी दाराकडे पाहिलं. सव्वातीनला म्हणाले, "आला?" साडेतीनला तोंड भिंतीकडे केलं आणि म्हणाले, "त्याला आज झाड लावायचंय." त्यानंतर ते बोलले नाहीत. चाराला पाच मिनिटं होती तेव्हा गेले. खाली चाराचे ठोके पडत असताना जिन्यात बूट वाजले आणि मेनी आत आला, बुटांवर बर्फ, टोपीला तिरंगी फितीचं फूल, धापा टाकत. तू दारातच त्याला म्हणालास, "झाड लागलं का नीट?" त्याने बाबांकडे पाहिलं. मग एकदाच माझ्याकडे पाहिलं. आणि तो खाली गेला. तू त्याच्या मागे दार लावलंस, ते आजवर उघडलं नाहीस.

मी बाबांचे डोळे मिटत होते आणि मुन्स्टरवर ठोके पडले. मी मोजले. तीन होते. आणि खाली जेवणघरात आताच तर चार झाले होते. माझा हात बाबांच्या पापण्यांवर तसाच राहिला, निकलाउस. मी बाबांच्या घड्याळाचे तीन लिहून पाठवले होते. चौकातल्या माणसाने त्याच्या घड्याळाचे तीन वाचले. जी नवी वेळ सगळ्या गावाला लावल्याबद्दल तो शिव्या खात होता, त्याच वेळेने तो मिनिटाच्या हिशेबाने हजर झाला होता, बाबांना आवडतं तसा, लवकर नाही, उशिरा नाही. नंतर औषधवाल्याच्या बायकोकडून मला कळलं, की भाषणासाठी त्याचं नाव पुकारलं तेव्हा त्याने कागद शेजारच्याच्या हातात दिला, "तुम्ही वाचा, मला वडिलांनी बोलावलंय," म्हणाला, आणि बर्फातून पळत सुटला. पेला त्याच्या हातातसुद्धा नव्हता.

तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण तू रडत होतास आणि म्हणत होतास, की बाबांना त्याने मारलं, आणि मी विचार केला, की आता जर म्हटलं की ते मी केलं, तर मी जाऊ कुठे. अठ्ठेचाळीस वर्षांची बिनलग्नाची बाई. घर तुझं झालं होतं, पेढी तुझी. उद्या सांगू म्हटलं. उद्या अंत्यविधी होता. मग तू मुलांना मांडीवर घेऊन शिकवायला लागलास, की असा एक काका आहे. मी भाजी चिरत ऐकत होते. मला तुझी भीती वाटत होती हे खरं, पण पुढे ती गेली तरी मी बोलले नाही, तेव्हा सगळा दोष भीतीला देता येत नाही. तुम्ही म्युलहाउझेनला गेलात, मी मेनीच्या घरी आले. त्याने मला वरची उन्हाची खोली दिली, स्वतः मागच्या अंधाऱ्या खोलीत गेला. तेरा वर्षं मी रोज सकाळी त्याच्यासमोर कॉफी पीत आले आणि रोज सकाळी गप्प राहिले. याला काय म्हणायचं ते तू ठरव, मी ठरवलं आहे.

गेल्या रविवारी तुझा अर्ज वाचल्यावर मी सूप वाढलं, पळी खाली ठेवली आणि त्याला सांगितलं. सगळं सांगितलं, उभ्यानेच. तो सूप ढवळत होता. म्हणाला, "माहीत आहे." मला कळेना. "काय माहीत आहे?" "जिन्यात कळलं. मी वर येत होतो आणि जेवणघरात चार वाजले. मग मुन्स्टरचे तीन." एकवीस वर्षं, निकलाउस. मी विचारलं, मग बोलला का नाहीस, तुला एका वाक्याचं काम होतं. तो म्हणाला, "तुला निकलाउसकडे राहायचं होतं. माझा राग करणारे तसे गावभर होते, त्यांत एकाची भर. तुला तो एकच होता." मी म्हटलं, आणि नंतर? नंतर तेरा वर्षं मी तुझ्या घरी होते. तो म्हणाला, "नंतर तू स्वयंपाक छान करत होतीस. कशाला मध्येच." मग मी रडले, आणि त्याने माझं सूपही संपवलं.

तुझा अर्ज येत्या बुधवारी दहाला निघेल. मेनीची हरकत नाही. उलट त्याने नगराध्यक्षांना आधीच सांगून ठेवलंय, की मुलं चांगली आहेत, त्यांना सुखाने जगू द्या. सभेचा नियम तुला आठवत असेल: ज्याच्या रक्ताच्या माणसाचं काम निघतं, त्या सभासदाने उठून बाहेर जायचं आणि निर्णय होईपर्यंत बंद दारामागे बोळात उभं राहायचं. बुधवारी शिपाई पुकारेल, "अर्जदाराचे बंधू, बाहेर चला." सगळ्यांच्या देखत तो बाकाला धरून उठेल, त्याच्या गुडघ्यांचं आता काही खरं नाही, आणि तेवढं अंतर चालत जाईल. मी त्याला म्हटलं, त्या दिवशी जाऊ नकोस, अंगात कणकण आहे असं कळव. तो म्हणाला, "वा. भाऊ आहे म्हणून तर बाहेर जायचं. मी नाही तर दुसरं कोण जाणार?" आणि मला त्याचा काळा कोट झटकायला सांगितला. जणू तू त्याला कशाला तरी बोलावलंच आहेस.

बायकांना त्या दालनात पाऊल टाकता येत नाही, नाहीतर बुधवारी मीच जाऊन बोलले असते. म्हणून हे पत्र मी दोनदा लिहिलं. एक तुझ्या हातात आहे. दुसरं, तुझी थट्टा आणि माझं रडणं गाळून, चिठ्ठी कुणी लिहिली आणि किती वाजता एवढंच ठेवून, लाखेने बंद करून आज सकाळी मी सभेच्या चिटणिसाच्या हातात दिलं. वर लिहिलंय, 'मेट्लर अर्जासोबत मोठ्याने वाचावे.' मंगळवार संध्याकाळपर्यंत तू अर्ज मागे घेतलास, तर तो ते न उघडता मला परत देईल, आणि ही गोष्ट आपल्या तिघांत राहील. नाही घेतलास, तर सगळं गाव ऐकेल. मेनीला यातलं काही माहीत नाही. कळलं असतं तर त्याने मला अडवलं असतं, जसं एकवीस वर्षं स्वतःला अडवलं. पण ते वाचलं जाईल तेव्हा नियमाप्रमाणे तो बाहेर असेल, दार बंद असेल, आणि त्याला काही करता येणार नाही. मुलांचं नाव बदलायचंच असेल तर खुशाल बदल. कारणाच्या जागी मात्र सालोमे मेट्लर असं लिही. मला दोन्ही चालेल.

तुला चालत असेन तर अजूनही तुझीच,
सालोमे